परसदारची खुंटी

या, असे जवळ सरका. दारात नका बसू, तिथं वारं लागतं. लागलं तर अंगावर काहीतरी घ्या, पण आज वाऱ्याला नावं ठेवू नका, कारण आज सांगायची ती गोष्ट त्याचीच आहे. देवानं माणसाला न मागता दिलेलं, दर घटकेला नव्यानं दिलेलं, आणि फुकट मिळालं म्हणून कुणी कधी हातात धरून न पाहिलेलं असं जे देणं, त्याची गोष्ट. ते देणं मोजायला बसलेल्या एका लेकीची, आणि तिच्या वहिनीची. खरं म्हणाल तर वहिनीचीच. पण वहिनीला पुढं बोलावलं की ती हात पुसत मागं सरते, म्हणून आपण लेकीपासून सुरुवात करू.

चारी अंगांनी डोंगर आणि मधे खोलगट, असा तो मुलूख होता. तळाशी शहर, शहरात गिरण्या आणि लोखंड ओतायचे कारखाने. काठाकाठानं शेतं. आणि शहर संपून चढ लागतो तिथं, घराला घर चिकटलेली कुंभारांची आळी. प्रत्येक घराच्या मागं परसात आपापला आवा. म्हणजे मडकी भाजायची भट्टी. थंडी पडली की या खोलगटावर हवा झाकणासारखी बसायची. वरचं वर आणि खालचं खाली. गिरणीचा धूर, गाड्यांचा धूर, शेतातल्या पाचोळ्याचा धूर, आव्याचा धूर, सगळे एका भांड्यात शिजत पडायचे. सकाळी समोरचा डोंगर दिसायचा नाही. म्हातारी माणसं म्हणायची, डोंगर पांघरूण घेऊन झोपलाय. पण ते पांघरूण माणसांच्या छातीवर होतं.

या आळीतली ही लेक. घरी तिला ढेकूळ म्हणायचे. माती रात्रभर भिजवली, तुडवली, तरी एखादं ढेकूळ हट्टानं तसंच राहतं आणि चाकावर भांडं उठताना बोटाला टोचतं. पोर तशीच होती. एकदा का नाही म्हणाली, की पालथ्या घड्यावर पाणी. आई लहानपणीच गेली. मग थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. आली त्या दिवशी वहिनीनं या नाक पुसत उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, "वन्सं, तुम्ही जेवलात का?"

वन्सं, आणि तुम्ही. जन्मात तिला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दानं ती जागच्या जागी वाढली. पुढं शाळा आली, शहरातलं कॉलेज आलं, आणि त्या सगळ्या वर्षांत तिच्या वाटणीची माती वहिनीनं तुडवली. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच म्हणतात. ही सून तर राखेच्या ढिगावरच राहायला आल्यासारखी राबली. नणंदेचे हात मात्र तिनं शाईचेच ठेवले.

ढेकूळ शिकली आणि प्रदेशाच्या हवा-कार्यालयात वरिष्ठ तज्ज्ञ झाली. तिथं सगळे तिला बाई म्हणत. काम काय, तर नियम लिहायचे. कोणत्या धुराड्यातून किती धूर निघावा, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी. तो मोजायचा कुणी आणि कसा. नाही पाळलं तर काय. ऐकायला कोरडं, पण वाक्य असं लिहावं लागतं की गिरणीच्या वकिलाला त्यातून निसटता येऊ नये आणि गरिबाचा गळा त्यात अडकू नये. एखादं कलम बाई दिवसदिवस घोळवायची. सोबतचे हसून म्हणायचे, बाई कलम लिहीत नाहीत, थापटून घडवतात. त्यांना काय ठाऊक, की ती खरंच तसंच करत होती. भांडं बाहेरून थापटायचं तर आतून हात द्यायचा, हे तिनं घरीच पाहिलं होतं.

एका थंडीत सगळ्या मुलखासाठी नवी नियमावली करायचं ठरलं. कारखान्यांच्या धुराड्यांत नळ्या घालून मोजणी झाली. कुंभारांच्या आळीत धुराडीच नव्हती, म्हणून तिथं माणसांच्या अंगावर यंत्रं लावायची ठरली. मुठीएवढा पंप कमरेला, त्याची नळी गळ्याशी, नळीच्या टोकाला पांढऱ्या कागदाची चकती. माणूस जो श्वास घेतो तोच पंप घेतो, आणि त्यातलं जे काही असेल ते चकतीवर बसतं.

बाईनं वरिष्ठांना सांगून टाकलं, ही माझी आळी आहे, माझं माहेर आहे, मी मोजायला जाणार नाही. तिचं बरोबरच होतं. दुसरी माणसं गेली. तिनं फक्त वहिनीला फोन केला. आमची माणसं येतील, घाबरू नका, आव्यापाशी जाता तेव्हा यंत्र लावून ठेवा, असं सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "महागाचं आहे हं वहिनी, जरा जपा."

आकडे आले ते कमी. इतके कमी, की बाईनं पुन्हा तपासून घेतले. पंप ठीक, वजनकाटा ठीक. मग तिच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि ओझं उतरलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही. मसुद्यात कलम पडलं, की घरगुती आवे या नियमांतून वगळले आहेत. मसुदा जाहीर झाला तेव्हा आळीत आनंद झाला. पाणी साठवायचे मोठाले रांजण घडवणारे शेजारचे रांजणकाका सगळ्यांना सांगत सुटले, की आपली ढेकूळ सरकारी चाकावर बसली, पण कलली आपल्याच अंगाला.

पुढची थंडी वाईट आली. वारा असा नाहीच. त्यात दादाच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, खांद्यावर मातीचं पोतं घसरलं आणि हात गळ्यात बांधला गेला. रोपवाटिकेला द्यायच्या कुंड्यांचा मोठा माल अंगावर होता. अर्ध्या घडून वाळल्या होत्या, अर्ध्यांची माती अजून भिजवायच्या हौदात. बाईच्या नियमावलीची शेवटची सुनावणी दोन-तीन आठवड्यांवर. तरी ती रजा टाकून घरी आली. दादा म्हणाला, कार्यालयातली माणसं मातीत पाय घालत नाहीत, बिघडतात. तिनं बूट काढले आणि ती हौदात उतरली.

माती बर्फासारखी होती. पहिल्या घटकेत पोटऱ्यांना गोळे आले. वहिनी शेजारी तुडवत होती, तिचे पाय न थांबता एका लयीत पडत होते. पण दर थोड्या वेळानं ती काठाला हात टेकायची, खोकायची, आणि खोकला संपल्यावर जणू काहीच झालं नाही अशी पुढचं वाक्य पूर्ण करायची. बाईनं डॉक्टरचं काढलं. वहिनी म्हणाली, थंडीचा आहे, उन्हाळ्यात जातो. मागच्या उन्हाळ्यात गेला होता का, असं विचारल्यावर तिनं विषय बदलून नणंदेच्या तुडवण्याला नावं ठेवली. म्हणाली, तुम्ही माती तुडवताय का तिची माफी मागताय?

आळी येऊन पाहून जात होती. सरकारी बाई हौदात, म्हणजे करमणूकच. रांजणकाका कुंपणावरून वाकले, कलमाबद्दल आभार मानले आणि म्हणाले, तुझ्या बापाला आज बरं वाटलं असतं. घरोघरच्या बायका चहाचे पेले घेऊन आल्या. बाई संकोचली. कुणी आपले आभार मानले की मनात एक कप्पा बंद होतो का, कोण जाणे. तिनं त्या दिवशी प्रत्येक घराच्या भिंतीवरची काजळी पाहिली, पण आकड्यांशी ताडून पाहिली नाही.

उरलेल्या कुंड्या वहिनीनं घडवल्या, त्याही सुकल्या. आवा रचायचा दिवस आला. खाली लाकूडफाटा आणि गोवऱ्या, वर कुंड्यांचे थर, थरांमधे भुसा, सगळ्यावर खापऱ्या आणि राखेचं पांघरूण. पेटवायला हल्ली जुन्या टायरचे तुकडे लागायचे, कारण कोरडं लाकूड मिळेनासं झालं होतं. वहिनी आव्यात वाकून रचत होती, बाई हातात देत होती. भुशाचं पोतं संपलं. वहिनी म्हणाली, मागच्या खोलीत आहे, परसदाराशी.

मागच्या खोलीला डोंगराकडची खिडकी होती. घरातली सगळ्यांत चांगली हवा तिथं यायची. खिडकीशेजारी भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकलेली, नवी, तासून गुळगुळीत केलेली. खुंटीला एक छोटी कापडी पिशवी टांगलेली होती, नाडीची, कडेनं बारीक टाका घातलेला. बाईनं सहज हात लावला. पिशवीचा आकार कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. मुठीएवढा. वर नळी बाहेर यायला एक गोल भोक, भोकाला काजं करतात तसं शिवलेलं.

ती पोतं न घेताच बाहेर आली. विचारलं, वहिनी, ती पिशवी कसली?

वहिनीचा चेहरा उजळला. आव्याच्या कडेवर कोपर टेकून ती सांगू लागली. तुमचं यंत्र आलं होतं ना मागं, त्याची. पहिल्या दिवशी लावून आव्याशी गेले, तर कडेला राखेचा डाग पडला की हो. माझा जीव खाली-वर. तुम्ही सांगितलं होतं महागाचं आहे, जपा. परक्याची वस्तू, आणि तीही वन्संच्या कार्यालयातली. मळवून परत केली तर तुमचं नाव जायचं. मग यांनी खुंटी करून दिली, मी पिशवी शिवली. आवा पेटला की यंत्र तिथं, स्वच्छ जागी. घुंई घुंई करत बसायचं बिचारं. विझला की पुन्हा कमरेला. न्यायला आलेला माणूस म्हणाला, एवढी चकचकीत यंत्रं कुठूनच परत आली नाहीत.

"कुठूनच म्हणजे?" बाईनं विचारलं. "इतर घरी?"

"सगळ्यांनाच सांगितलं मी," वहिनी म्हणाली. "आळीतल्या एकीचंही यंत्र मळू दिलं नाही."

बाई भुशाच्या रिकाम्या पोत्यावर बसली. सगळी आळी तिच्या एका शब्दाला जागली होती. जपा म्हणाली, जपलं. त्या पांढऱ्या चकत्यांनी महिनाभर डोंगराकडच्या खिडकीतली हवा खाल्ली, आणि त्या हवेवर तिनं कलम घडवलं. अंगावर का लावायचं, मळलं तरच ते खरं, हे कुणी सांगितलं होतं? तिची माणसं कसं लावायचं ते सांगून गेली. आणि ती स्वतः नियमाला धरून दूर राहिली. कुणीच लबाडी केली नव्हती. म्हणूनच कुणावर रागवायचीही सोय नव्हती.

वहिनीला तिनं तिथंच सगळं सांगितलं, मातीच्या हातांनी. वहिनी काहीतरी विचारू लागली. मधेच तिला खोकला आला, पण या वेळी खोकून झाल्यावर तिनं वाक्य पुढं नेलं नाही.

दादाला सांगणं अवघड होतं. तो चाकापाशी बसला होता. हात बांधलेला, पण बसायची जागा तीच. त्यानं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "कुणाला कळलंय?"

"मला."

"तुला कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग कलम आहे तसं राहू दे. आवा परसातून गेला तर मी कुठं जाऊ? धुराडं बांधायला मी काय गिरणीवाला आहे?" त्यानं खाली पाहिलं. "तुला शिकवलं ते आमचाच विस्तव विझवायला, असं होऊ देऊ नकोस, ढेकळे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईला उत्तर होतं, पण ते आकड्यांत होतं, आणि या घरात आकडे बोलायची ती जागा नव्हती. ती एवढंच म्हणाली, की वहिनीचा खोकला उन्हाळ्याचा नाही, दादा. त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोललाच नाही. ताट पुढं सरकवायचा, पण नजर भिंतीवर.

तिनं कार्यालयात फोन केला आणि वरिष्ठांना होतं तसं सांगितलं. मग वरिष्ठ थकलेल्या आवाजात म्हणाले, सुनावणी तोंडावर आहे बाई, गिरणीवाले हीच संधी शोधतायत. एका मोजणीत खोट निघाली की ते सगळीच नियमावली फेकायला लावतील. ती म्हणाली, म्हणूनच आपण आधी सांगायचं. आणि यंत्रं पाठवा, पण माझ्या हातात देऊ नका. लावायला आणि काढायला दुसरं कुणी येऊ दे. वरिष्ठ हो म्हणाले. भल्या माणसाला भलं काम सांगितलं की तो कुरकुरतो, पण करतो. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातली एक मोजणीवाली पेटी घेऊन आळीत हजर झाली.

पण यंत्रं लावून घेणार कोण? बातमी आळीभर झाली होती. चहाचे पेले बंद झाले. आळीच्या पाणवठ्यावर पाणी भरायला गेलेल्या बाईला बायकांनी वाट दिली, पण अशी, की त्यापेक्षा अडवलं असतं तर बरं. रांजणकाका कुंपणावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ढेकूळ शेवटी ढेकूळच, चाकावर गेलं की भांडं फोडणार. मोजणीवाली पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली.

तेव्हा वहिनी उठली. डोक्याला रुमाल बांधला आणि दारोदार गेली. बाईनं सोबत येते म्हटलं, तर वहिनी म्हणाली, तुम्ही नका येऊ वन्सं, तुम्ही आलात की ते सरकारी होतं. ती प्रत्येक दारात काय बोलली हे पुढं एकेकीनं सांगितलं, आणि सगळ्यांचं सांगणं एकच होतं. ती म्हणाली, मागं मी सांगितलं म्हणून तुम्ही यंत्र काढून ठेवलंत. आता मीच सांगते, लावा. चुकीचं सांगितलं तेव्हा ऐकलंत, तर बरोबर सांगते तेव्हाही ऐका. दोन-तीन दारं बंदच राहिली. बाकीच्यांनी ओरडा केला, तोंडं वाकडी केली आणि ओट्यावर येऊन मोजणीवालीपुढं कंबर केली. शेवटच्या दारात रांजणकाकांची सून होती. सासरे बाहेर बसलेले असताना ती त्यांच्यासमोरून ओट्यावर आली आणि यंत्र लावून घेऊन परत गेली.

आवे पेटले. दुपारची वेळ होती, पण वारा नसल्यानं धूर उठून छपराएवढा गेला आणि तिथंच पसरला. टायरचा काळा, मग ओल्या लाकडाचा पिवळा. वहिनी भोकांतून आत पाहत होती, कुठं राख टाकत होती, कुठं खापरी सरकवून ज्वाळेला वाट देत होती. वाकायची, तेव्हा गळ्याशी लावलेली नळी थेट धुरात जायची. एकदा सवयीनं तिचा हात नळी झाकायला वर गेला. मग तिनं तो खाली घेतला. बाई परसाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून लाकडं फोडत होती. डोळे झोंबत होते, ते धुरानं की कशानं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

काम उतरल्यावर मोजणीवालीनं ओट्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि यंत्र उघडलं. वहिनी पाहायला वाकली. चकती पांढरी होती हे आता कडेच्या रेघेवरूनच कळत होतं. मधला सगळा भाग तव्याच्या बुडासारखा.

"हे एका दिवसाचं?" वहिनीनं विचारलं.

मोजणीवालीनं मान हलवली.

वहिनी चकतीवर अजून वाकली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कापड असतं तर भिजत घातलं असतं."

दादा दारात उभा होता. त्यानंही पाहिलं. तो आत गेला आणि आतून भांडं हलल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या धड हातात पाण्याचा पेला होता. तो त्यानं बायकोला दिला आणि ती पिईपर्यंत तिथंच उभा राहिला.

सुनावणी शहरातल्या मोठ्या सभागृहात झाली. समोर समिती, एका अंगाला गिरण्या आणि कारखान्यांची माणसं, मागं आळीतले लोक अंगावरच्या मातीसकट. दादा आला नव्हता. बाई उभी राहिली आणि आधी तिनं चूक सांगितली. कुणाच्या शब्दावरून यंत्रं खुंटीला गेली, हेही सांगितलं, आणि तो शब्द माझा होता म्हणाली. गिरणीवाल्यांचा वकील उठला, हसू दाबत. खुंट्यांनी केलेल्या मोजणीवर आमची धुराडी बदलायची का, असं त्यानं विचारलं, आणि सभागृह हसलं. हसू ओसरल्यावर बाई म्हणाली, तुमच्या धुराड्यांची मोजणी धुराड्यात झाली, तिचा खुंटीशी संबंध नाही; आणि आळीची मोजणी पुन्हा झाली, ती ही. मोजणीवालीनं चकत्या काचेच्या पेटीत मांडल्या होत्या, जुन्या एका ओळीत, नव्या खालच्या ओळीत. पेटी हातोहात फिरली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे सवलतीचं कलम जाणार? ती म्हणाली, जायला हवं.

मागं गलका झाला. रांजणकाका उठले. ते विरोध करायलाच आले होते, रात्रभर शब्द जुळवून. पेटी नुकतीच त्यांच्या हातून पुढं गेली होती. त्यांनी घसा साफ केला, आणि जुळवलेले शब्द त्यांना मिळेनात.

"आमच्या घरची खुंटी," ते म्हणाले, "माझ्या बिछान्याच्या डोक्याशी आहे. मीच म्हटलं होतं सुनेला, इथं लाव, इथं बरं वारं येतं. म्हणजे मागच्या थंडीत सरकारनं माझा श्वास मोजला. आणि ती होती आव्याशी." मग ते समितीकडे वळले. "कलम काढायचं तर काढा. पण आवा हलवा, माणसं नका हलवू. आम्हाला जागा दाखवा, आणि तिथं तुमच्या त्या गिरण्यांसारखं उंच काहीतरी बांधून द्या. ते होईतो आमचा विस्तव विझवू नका. एवढंच."

ते बसले. त्यांना वाटलं होतं तसं भाषण झालं नाही, पण समितीतल्या कुणीतरी ते लिहून घेत होतं. बाई खाली मान घालून उभी होती. हेच कलम ती गेले काही दिवस मनात थापटत होती. आतून द्यायचा हात मात्र तिच्याजवळ नव्हता. तो आता मागच्या रांगेतून आला होता.

नियमावली झाली. गिरण्यांना धुराडी बदलावी लागली. टायर जाळणं बंद झालं, कोरड्या लाकडाची सोय कार्यालयानं लावून दिली. आळीच्या वर, जिथं वारा हमखास असतो त्या पडीक टेकाडावर, सगळ्या आळीचा मिळून एक आवा उभा राहिला, वर उंच धुराडं. तोवर परसातले आवे फक्त वाऱ्याच्या दिवशी पेटवायचे, असं कलमातच होतं. हे सगळं एका दिवसात झालं नाही आणि भांडणांशिवायही नाही. आधी भाजायचं कुणी, राख कुणी काढायची, यावरून आळी अजून भांडते. देवाची दया, की भांडायला श्वास पुरतो.

पुढच्या थंडीत टेकाडावरचा आवा पहिल्यांदा पेटला, तेव्हा बाईला बोलावणं आलं ते वहिनीचं. ती आली आणि कडेला उभी राहिली. दादाचा खांदा बरा झाला होता. थर रचून तो खाली उतरला, हातावरची राख झटकली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलला.

"ढेकळे, बूट काढ. उद्याची माती तशीच पडलीय."

ती घरच्या हौदात उतरली. माती तशीच बर्फासारखी होती, आणि तिला वाटलं, याहून ऊबदार काही आपल्या पायांना कधी लागलंच नव्हतं.

वहिनीचा खोकला पूर्ण गेला नाही, हे सांगायलाच हवं. गोष्ट गोड करायची म्हणून देवापुढं खोटं कशाला बोला. जे आत बसलं ते बसलं. डॉक्टरनं तिला श्वासाचा छोटा पंप दिला, तोंडाला लावायचा. तो तिनं त्या नाडीच्या पिशवीत घातला आणि परसदारच्या खुंटीला टांगला. मापाला बरोबर बसला. नणंद विचारते, पंप वेळेवर घेता ना वहिनी? ती म्हणते, घेते की. तुमची वस्तू जपली, आता माझी जपते. आणि थंडीतही एखाद्या सकाळी ती परसदार उघडते, तेव्हा समोर डोंगर असतो, पांघरूण टाकून उठून बसलेला. ती तिथं थोडा वेळ उभी राहते. कशासाठी, ते कुणाला सांगत नाही. पण हात जोडलेले असतात.

आता उठा, उशीर करू नका. पण बाहेर पडल्यावर छातीभर वारं आत घ्याल ना, न मोजता, न मागता मिळालेलं, तेव्हा दार ओढून घेण्याआधी एक क्षण थांबा, आणि त्या वहिनीची आठवण काढा. तिचं नाव मी सांगितलेलं नाही. वन्संची वहिनी म्हणा, पोचेल तिला.